कोवळं तेवढं घरचं

भारतीय हवामान खात्याच्या दप्तरात वसंत ऋतू नाही. खातं वर्षाचे चार भाग करतं. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मोसमीपूर्व उन्हाळा, जून ते सप्टेंबर पावसाळा आणि उरलेले तीन महिने पाऊस परतल्यानंतरचे. पंचांग चैत्र-वैशाखाला वसंत म्हणतं, पण वसंतपंचमी त्याच्या बरीच आधी, माघातच उरकून घेतं. परसात किंवा गच्चीवर भाजी लावणाऱ्याचं या दोघांपैकी कुणाचंच ऐकून भागत नाही. वाफ्यातल्या मेथीला एके दिवशी मधूनच दांडा फुटलेला दिसतो, तेव्हा त्याचा वसंत सुरू होतो. दुधीची पानं भरदुपारी माना टाकू लागली की तो संपतो. साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचे हे दोन महिने.

‘वसंतातल्या भाज्या’ म्हणून परदेशी पुस्तकांत आणि बियांच्या पाकिटांवर जे छापलेलं असतं, त्याचा आपल्याला काही उपयोग नाही. तिथे वसंत म्हणजे बर्फ वितळल्यानंतरची पहिली पेरणी, वाटाणा, लेट्यूस आणि मुळा. आपल्याकडे त्याच सुमारास वाटाणा संपत आलेला असतो आणि मुळा फुलावर गेलेला असतो. लंडनमध्ये डिसेंबरातला दिवस आठ तासांहून लहान आणि जूनमधला सोळा तासांहून मोठा असतो. पुण्यात हा फरक जेमतेम दोन तासांचा आहे, अकरा तासांपासून तेरा तासांपर्यंत. इथली झाडं दिवसाची लांबी ओळखतातच, पण फेब्रुवारीनंतर त्यांना खरा धक्का बसतो तो उन्हाचा. त्यामुळे आपल्या बागेतला वसंत पेरणीचा कमी आणि पालट होण्याचा जास्त. हिवाळी भाज्या निघून चाललेल्या, उन्हाळी वेल नुकते मांडवाला हात घालत असलेले, आणि या दोहोंच्या मधली जागा झाडांवर येणाऱ्या भाज्यांनी भरून काढलेली. शेवगा, फणस आणि कैरी.

घरच्या भाजीचे गोडवे गाताना लोक ती स्वस्त पडते असं सांगतात. कुंड्या, माती, शेणखत, पाणी आणि आपला वेळ यांचा प्रामाणिक हिशेब मांडला तर ती मुळीच स्वस्त पडत नाही. ताजी असते हे खरं, पण गावाकडच्या आठवडी बाजारातही पहाटे तोडलेली भाजी मिळते. बाजार जे देऊ शकत नाही ते एकच, तोडणीचा दिवस. विकायची भाजी गाडीत टिकावी, वजनात भरावी आणि दोन दिवस टोपलीत ताठ दिसावी एवढी जून होईपर्यंत झाडावर ठेवावी लागते. यात शेतकऱ्याचा दोष नाही, तो हिशेबच तसा आहे. आपल्या परसात मात्र कोवळ्यात तोडायची की निबर होऊ द्यायची, देठ खायचा की फूल खायचं, हे आपण ठरवतो. स्वयंपाकाची अर्धी कला तिथेच संपते, असं माझं मत आहे.

आधी निघून चाललेल्या भाज्यांचं पाहू. थंडी सरली आणि ऊन चढलं की मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा या सगळ्यांना फुलोरा येतो. झाडाच्या बाजूने पाहिलं तर पानं वाढवायचा काळ संपलेला असतो, आता बी धरायचं असतं. पानांतला साठा दांड्याकडे वळतो, पानं बारीक आणि चरचरीत होतात. कोथिंबिरीची रुंद पानं बडीशेपेसारखी दोऱ्यादोऱ्यांची होऊ लागली की बरेच जण झाड उपटून टाकतात आणि तिथेच एक चांगला पदार्थ हातचा जातो. ती फुलू द्यावी. पांढऱ्या-गुलाबी छत्र्यांवर मधमाश्या आणि इतर उपकारी किडे गोळा होतात, आणि थोड्याच आठवड्यांत हिरवे धणे धरतात. त्यांत पानांचा वास आणि धण्यांचा वास दोन्ही एकदम असतात. चार हिरवे धणे मिरची-लसणाच्या ठेच्यात घातले तर ठेचा वेगळाच लागतो. वाटलेल्या डाळीत, ताकाच्या मठ्ठ्यात किंवा बटाट्याच्या काचऱ्यांवरही ते चालतात. हे धणे बाजारात येत नाहीत. दोन-तीन दिवसांत ते पिवळे पडतात, मग विकणार कोण?

मुळ्याचंही तसंच. फुलावर गेलेल्या मुळ्याचा कंद आतून पोकळ आणि दोरकट होतो, पण वर ज्या शेंगा लागतात त्या डिंगऱ्या. नखाने कट्टकन मोडते तोवर डिंगरी खाण्यासारखी, वाकली पण मोडली नाही तर ती बियाण्यासाठी सोडून द्यावी. भिजवलेली मूगडाळ, हिंग-मोहरीची फोडणी, हिरवी मिरची आणि वरून ओलं खोबरं एवढ्यावर तिची भाजी होते. मुळ्याचा तिखटपणा तिच्यात असतो, पण मऊ झालेला. उग्र वासामुळे मुळा न खाणारी माणसंही डिंगरी खातात. एका वाफ्यात आठ-दहा मुळे मुद्दाम न उपटता ठेवले, तर एका घराला दोनदा भाजी होते.

वाटाणा आणि पावटा यांच्या बाबतीत वेळेचं गणित दिवसांचं नाही, तासांचं असतं. शेंग तोडल्यावरही आतला दाणा जिवंत असतो आणि त्यातली साखर भराभर पिठूळ पदार्थात बदलत जाते. सकाळी तोडून दुपारी शिजवलेला घरचा मटार आणि दोन दिवस पोत्यात राहिलेला मटार यांच्या गोडीत फरक पडतो तो याच कारणाने. रायगड जिल्ह्यात पोपटी लावतात तीही शेतातून आणलेल्या शेंगांचीच. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ आणि ओवा, पुन्हा पाला, मग मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. पाणी एक थेंबही नाही. शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावर सगळं वाफवतं, म्हणूनच वाळत चाललेल्या शेंगांची पोपटी जमत नाही.

आता शेवगा. महाराष्ट्रात परसात एकच भाजीचं झाड लावायची परवानगी मिळाली, तर मी शेवगा लावीन. पिढ्यान्‌पिढ्या तो फांदीपासूनच लावला जात आला. शेजारच्या घरची मनगटाएवढी जाड, साधारण चार फूट लांबीची फांदी पावसाळ्याच्या तोंडावर रोवली की झालं. ज्या झाडाची फांदी त्याच झाडाची चव मिळते, हा त्यातला फायदा. बियांपासून लावायचा तर तमिळनाडूतल्या पेरियाकुलमच्या उद्यानविद्या महाविद्यालयाने काढलेला ‘पीकेएम-१’ हा वाण आता सगळीकडे मिळतो. तो वर्षाच्या आतच शेंगा देतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण रुचिरा’ही आहे. लागवड कशीही करा, झाड तीन-साडेतीन फुटांचं झालं की त्याचा शेंडा खुडायला हवा. माणसं इथे कच खातात. जोमाने वाढणारं झाड छाटायला हात धजत नाही, मग ते ताडमाड वाढतं, शेंगा कौलांच्या वर लागतात आणि फांद्या ठिसूळ असल्यामुळे वर चढताही येत नाही. शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात आणि शेंगा हाताला येतात. हंगाम संपला की पावसाआधी पुन्हा छाटणी करावी.

शेवग्याला हिवाळ्यात फुलं येऊ लागतात आणि माघ-फाल्गुनात झाड पांढऱ्या-पिवळसर घोसांनी भरून जातं. काळे भुंगे दिवसभर घोंघावत असतात. एका घोसातल्या फार थोड्या फुलांच्या शेंगा होतात, बाकीची गळतात. म्हणून खाली चादर अंथरून सकाळी झाड हलकेच हलवावं. जी फुलं पडतात ती भाजीची, जी टिकतात ती शेंगांची. या फुलांना किंचित कडसर चव आणि मधासारखा वास असतो. धुऊन, हलक्या हाताने पिळून घ्यायची. भरपूर कांदा तेलावर परतायचा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालायची, मग फुलं, मिरची, मीठ, शेवटी खोबरं. किनारपट्टीच्या अनेक घरांत याच भाजीत अंडं फोडून घालतात आणि ती आणखी चांगली होते. ढीगभर फुलांची मूठभर भाजी होते, हे मात्र आधीच लक्षात घ्यावं.

फूल उमलल्यापासून शेंग आमटीला यायला साधारण दोन महिने लागतात. पण तेवढं थांबायलाच हवं असं नाही. पेन्सिलीएवढी असताना शेंगेला धागे नसतात, आत बी नसतं आणि ती गवारीसारखी अख्खी खाता येते. थोडं तेल, जिरं, लसूण, दाण्याचं कूट आणि पाच मिनिटांची वाफ. बाजारात अशी शेंग दिसणार नाही, कारण वजनच भरत नाही. करंगळीएवढी झाली की पिठल्यात, आमटीत किंवा कोलंबीच्या कालवणात घालायची. अंगठ्याएवढी जाड आणि बाहेरून गाठाळ दिसू लागली की साल लाकडी होते, मग फक्त आतला गर खरवडून घ्यायचा. त्याहीपुढे ती वाळून तडकते आणि तीन पंखांच्या बिया वाऱ्यावर जातात. पानांची तऱ्हा आणखी वेगळी. वसंतात त्यांना हात लावू नये, ती पावसाळ्यातली भाजी. कोकणात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी लागतेच.

शेवग्याच्या पानांची पूड सध्या डब्यांत भरून ‘दुधापेक्षा इतके पट कॅल्शियम’ अशा जाहिरातीसह विकतात. पाला पौष्टिक आहे यात वाद नाही. पण ताज्या पाल्याचा तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. ते उडवून टाकल्यावर शंभर ग्रॅम पुडीतले आकडे फुगणारच, आणि त्यांची तुलना शंभर ग्रॅम पातळ दुधाशी करायची हा सरळसरळ हातचलाखीचा हिशेब झाला. शंभर ग्रॅम पूड एका दिवसात खातो तरी कोण?

कोकणातल्या आगरांत वसंताची मोठी भाजी म्हणजे कुयरी, म्हणजे बी न धरलेला कोवळा फणस. फणसाच्या झाडावर नर आणि मादी फुलोरे वेगवेगळे असतात. बारीक फांद्यांच्या टोकांना लागतात ते बहुतेक नर. परागकण सांडून झाले की ते काळे पडून, बुरशी धरून गळतात. नवीन माणूस ते बघून फणस सडले म्हणून हळहळतो आणि औषध फवारायला निघतो. फळ धरतं ते खोडावरच्या आणि जाड फांद्यांवरच्या, जाड देठाच्या मादी फुलोऱ्याला. एकाच देठाला तीन-चार फळं लागली असतील, तर त्यांतली दोन कुयरी म्हणून काढणं झाडाच्याही हिताचं असतं, उरलेल्यांना पोसायला जागा होते. विळीला आणि हातांना गोडं तेल चोळल्याशिवाय कुयरीला हात लावू नये, चीक साबणाने जात नाही. वरची काटेरी साल तासून, मोठ्या फोडी वाफवून, हाताने किंवा बत्त्याने कुस्करायच्या. मोहरी, हिंग, सुक्या मिरच्यांची फोडणी, भिजवून शिजवलेले कडवे वाल किंवा हरभरे, गुळाचा खडा आणि हात सैल सोडून ओलं खोबरं. त्याच सुमारास काजूही धरलेला असतो. ओले काजूगर त्यात पडले तर ती भाजी पाहुण्यांना करण्याजोगी होते. ओल्या काजूची साल मात्र नुसत्या हाताने सोलू नये, तिच्यातल्या तेलाने कातडी भाजते.

कैरीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, म्हणून दोनच शब्द. आंब्याच्या एका तुऱ्यावर शेकड्यांनी फुलं असतात आणि त्यांतून एखादं-दुसरं फळ पिकेपर्यंत टिकतं. बाकीची फुलातच किंवा बाळकैरी होऊन गळतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंबेडाळ, पन्हं, मेथांबा, तक्कू हे सगळं स्वयंपाकघर या गळतीवर उभं राहिलेलं आहे. कोय धरायच्या आत कैरी सालीसकट किसता येते. कोय टणक झाल्यावर ती लोणच्याच्या कामाची.

पालेभाजीवाचून घर चालत नाही, पण मार्चमध्ये मेथी-पालकाच्या मागे लागणं म्हणजे पाणी वाया घालवणं. त्यांच्या जागी माठ लावावा. लाल माठ, तांदुळजा, राजगिरा ही सगळी एकाच कुळातली. ज्वारी, मका आणि ऊस यांच्यासारखीच प्रकाशसंश्लेषणाची एक वेगळी रीत या झाडांना साधलेली आहे. कडक उन्हात, पानांची छिद्रं अर्धवट मिटलेली असतानाही ती हवेतला कार्बन डायऑक्साइड कार्यक्षमतेने वापरू शकतात. शास्त्रज्ञ या रीतीला ‘सी-४’ म्हणतात. पालकाला ती साधत नाही, म्हणून ज्या उन्हात पालक दम टाकतो त्याच उन्हात माठ दिवसाला बोटभर वाढतो. बी मोहरीपेक्षाही बारीक असतं. ते वाळूत मिसळून फेकावं, नाहीतर एका जागी गुच्छ उगवतात. पंचवीस-तीस दिवसांत भाजी उपटायला येते.

माठात एकाच झाडाच्या वयाप्रमाणे दोन भाज्या मिळतात. महिन्याभराचा माठ म्हणजे लसूण-मिरचीवर परतायची पालेभाजी. त्यात पाणी घालू नये, कारण त्याचा लाल रंग पाण्यात विरघळणारा आहे. तो बिटाच्या रंगाच्या जातीचा. भाजी उकडून पाणी ओतून दिलं तर रंगही गेला आणि चवही. वाफ्यातली पाच-सहा रोपं मात्र तशीच वाढू द्यावीत. दोन-अडीच महिन्यांत ती कमरेएवढी होतात आणि त्यांचे देठ अंगठ्याएवढे रसाळ. हे देठ सोलून, बोटभर तुकडे करून फणसाच्या आठळ्यांबरोबर किंवा वालाबरोबर शिजवतात. शहरातल्या भाजीवाल्याकडे हे जून देठ क्वचितच दिसतात, कारण गिऱ्हाइकाला माठाची जुडी कोवळीच हवी असते.

वेलांची कथा निराळी, तिथे घड्याळ सांभाळावं लागतं. काकडी, दुधी, दोडका, पडवळ, कारलं, लाल भोपळा या सगळ्यांना नर आणि मादी फुलं एकाच वेलावर, पण वेगवेगळी येतात. मादी फुलामागे इवलंसं फळ आधीपासूनच असतं, नर फुलाचा देठ सडपातळ असतो. सुरुवातीचे काही दिवस बहुतेक नर फुलंच येतात आणि गळून पडतात. त्यात बिघडलेलं काही नसतं. ऊन वाढलं आणि दिवस लांबला की नर फुलांचं प्रमाण वाढतं, म्हणून उन्हाळी वेल जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीत लावलेला बरा. मार्चअखेरीस लावला तर वेल मांडवभर होतो आणि फळांचा पत्ता नसतो.

गावाकडे हे परागीभवन किडे करून टाकतात. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत ते येतीलच असं नाही, मग ते काम आपल्याकडे येतं. त्यासाठी कुणाचं फूल केव्हा उमलतं हे माहीत हवं. काकडी, भोपळा, कारलं आणि घोसाळं सकाळी उमलतात. ऊन चढल्यावर भोपळ्याचं फूल मिटलेलं दिसेल. दुधी, दोडका आणि पडवळ संध्याकाळी उमलतात, त्यांचे खरे गिऱ्हाईक रात्री फिरणारे पतंग. दुधीची पांढरी फुलं अंधारात दिसावीत अशी असतात. सकाळी चहा घेऊन दुधीशी खटपट करणाऱ्याला फळ मिळत नाही, ते यामुळेच. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. दोन-तीन दिवसांत मागचं फळ फुगू लागलं तर काम झालं, पिवळं पडून गळलं तर नाही. भोपळ्याची जास्तीची नर फुलं याच वेळी तोडावीत. आतला दांडा काढून, डाळीच्या पातळ पिठात बुडवून त्यांची भजी करावीत. वेलाचं त्यात काहीच जात नाही.

या फळांतही वयाचाच खेळ. पडवळ वाकडं होऊ नये म्हणून टोकाला खडा बांधतात, ते दिसायला सरळ आणि चिरायला सोपं होतं एवढाच त्याचा फायदा. चवीसाठी ते हातभर लांब असतानाच, आतल्या बिया मऊ असताना काढावं. दोडका कोवळा असेल तर शिरा तासून फेकू नयेत. त्या तिळाबरोबर खरपूस परतून, सुकी मिरची आणि चिंच घालून वाटल्या की चटणी होते. निबर दोडक्याच्या शिरांची चटणी दातांत अडकते. काकडी बोटभर जाडीची असताना चोचवून खमंग काकडी करावी. मोठी झाली की बिया काढून टाकण्यातच वेळ जातो.

दुधीच्या बाबतीत एक इशारा मात्र गंभीरपणे द्यायला हवा. दुधी, काकडी, दोडका या कुळात कुकरबिटासिन नावाचे कडू, विषारी पदार्थ असतात. लागवडीच्या वाणांत ते अगदी नगण्य उरलेले आहेत, पण कधीकधी एखादं फळ कडूजहर निघतं. शिजवून त्याचा कडूपणा जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती, आणि कडू लागलेला रस टाकून द्यावा, पिऊ नये, असं तिने स्पष्ट सांगितलं. दुधी चिरल्यावर एक कण जिभेवर ठेवून पाहायची आजीची सवय त्यासाठीच मोलाची. कडू लागला तर थुंकून टाकायचा आणि सगळा दुधी कचऱ्यात. कारल्याचा कडूपणा हा वेगळ्या पदार्थांचा, त्याला हा नियम नाही.

भेंडी ही उन्हाळ्याची पहिली हक्काची भाजी. थंड मातीत तिचं बी नुसतं पडून राहतं, म्हणून फेब्रुवारीत जमीन तापल्यावरच पेरावं, आदल्या रात्री भिजत घालून. सव्वा-दीड महिन्यात फूल येतं, पिवळं आणि मध्ये जांभळट डोळा असलेलं. त्याची सोबत एकाच दिवसाची. तिथून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला हवी. सातव्या-आठव्या दिवशी तिच्यात धागे धरतात. बाजारात टोक मोडून भेंडी पारखायला गेलं की भाजीवाली खेकसते, घरी ती चैन फुकट आहे. एक दिवसाआड तोडणी चुकवू नये. एक जरी भेंडी जून होऊन झाडावर राहिली, तरी झाडाचं लक्ष तिच्या बियांकडे जातं आणि नवी फुलं कमी होतात. तेव्हा गावाला जायचं असेल तर शेजाऱ्यांना तोडून घ्यायला सांगावं. त्यांच्यावर उपकार होतात आणि आपलं झाडही चालू राहतं.

भेंडीचा मोठा रोग म्हणजे केवडा. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि भेंडी फिकट, आखूड होते. हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरवते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लागवडीच्या भेंडीचा एका रानटी भाईबंदाशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हा केवड्याला तोंड देणारा वाण काढला आणि तो देशभर गेला. घरच्या दहा झाडांत केवडा दिसला तर औषध शोधत बसू नये, झाड उपटून टाकावं.

आता भेंडीचा चिकटपणा. भेंडीतला बुळबुळीत पदार्थ पाण्यात फुगतो आणि पसरतो. म्हणून आधी धुवायची, कोरडी पुसायची आणि मगच चिरायची. चिरून धुतली तर तार सुटलीच म्हणून समजा. झाकण ठेवलं की वाफेचं पाणी परत पडतं आणि तार वाढते, म्हणून उघड्या कढईत मोठ्या आचेवर परतायची. मीठ पाणी सोडवतं, ते शेवटी. आंबट पदार्थात ही तार तुटते. आमसूल, चिंच, ताक, लिंबू यांतलं काहीतरी भेंडीच्या पुष्कळ जुन्या पाककृतींत असतं. उलट, ताकातल्या भेंडीत थोडी तार राहिली तर कढीला दाटपणा येतो, त्यामुळे तिथे फार कोरडं परतू नये. आमच्याकडे मात्र या मुद्द्यावर एकमत झालेलं नाही.

टोमॅटोबद्दल विचारणारे बरेच असतात. मार्चमध्ये लावलेल्या टोमॅटोला फुलं येतात आणि गळतात. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रीही उकडू लागलं की त्याचे परागकण निकामी होतात. नाशिकच्या डोंगराळ भागात जमेल ते नागपूरच्या गच्चीवर जमणार नाही. हिरवी जाळी बांधून थोडा फरक पडतो, पण त्या जागेत गवार लावलेली शहाणपणाची. तिला ऊन सोसतं, पाणी थोडं लागतं आणि शेंगवर्गातली असल्यामुळे मातीचंही भलं होतं.

उन्हाशी झुंजायला निसर्गाने आपल्याकडे एक सोय करून ठेवली आहे आणि आपण ती जाळतो. आपल्या पुष्कळ झाडांची पानगळ थंडीच्या शेवटी, ऊन तापू लागतं त्याच वेळी होते. पिंपळ, शिरीष, कडुनिंब, देशी बदाम यांचा पाचोळा फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यावर पडलेला असतो आणि सकाळी कुणीतरी त्याला काडी लावतं. तोच पाचोळा वाफ्यावर चार बोटं जाड पसरला तर माती तापत नाही, पाणी उडून जात नाही, तण उगवत नाही आणि पावसाळ्यापर्यंत त्याचं खत होऊ लागतं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून हेच हिरिरीने मांडलं. पालापाचोळा म्हणजे झाडांनी साठवलेलं ऊन, ते मातीला परत द्या. पाण्यासाठी न रंगवलेलं साधं मडकं गळ्यापर्यंत पुरून, भरून, तोंडावर झाकणी ठेवली तर भोवतालची माती कोरडी होईल तसतसं पाणी झिरपत राहतं. भोवती काकडीच्या तीन-चार बिया लावाव्यात.

बियाण्याचं शेवटी पाहू, कारण ते शेवटीच करायचं असतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं राखण्याच्या कामासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या घरच्या बियाणे बँकेत घेवडा-वालाचे किती तरी प्रकार आहेत. आपल्याला एवढा पसारा नको, पण एक-दोन भाज्यांचं बी घरचं असावं. भेंडी आणि वाल त्यासाठी सोपे, कारण त्यांचं परागीभवन बहुतेक त्याच फुलात होतं आणि वाण फारसा बिघडत नाही. संकरित बियाण्याच्या पाकिटातून आलेलं झाड मात्र बियाण्याला ठेवू नये, पुढच्या पिढीत काय निघेल सांगता येत नाही. काकडी-भोपळ्याचं बी ठेवायचं तर शेजारच्या वेलाचे पराग येऊ नयेत म्हणून फूल उमलण्याआधी दोऱ्याने बांधावं लागतं. सर्वांत निरोगी भेंडीच्या झाडावरच्या चार शेंगा एप्रिलमध्ये राखून ठेवाव्यात, म्हणजे मेअखेरीस त्या वाळतात. तडकण्याआधी त्या काढून, बी सावलीत सुकवून, चाळलेल्या राखेत घोळून बरणीत भरावं आणि बरणीवर वाणाचं नाव नि वर्ष लिहावं. पहिला पाऊस पडला की त्यातल्या निम्म्या बिया पेरायच्या, उरलेल्या पुढच्या फेब्रुवारीसाठी.